हे तुमचंच ना?



संयोजकांनी मला विषय दिला, जुने वाडे, किल्ले आणि कारखाने पाहायला का जावं. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. दिवसभर संगणकासमोर बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधणं हा माझा धंदा. तेव्हा जे सांगेन ते स्वतः पाहिलेलं असेल, आणि त्याच्या भोवतीचं थोडं वाचलेलं.

सुरुवात आठवीच्या सहलीपासून करतो. इचलकरंजीहून आमची शाळेची सहल औरंगाबादला गेली होती, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. एका दिवसात वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा आणि पाणचक्की. शाळेच्या सहली कशा असतात तुम्हाला माहीत आहे. निम्मा वेळ मुलं मोजण्यात जातो. मकबऱ्यासमोर माझा बाकावरचा मित्र म्हणाला, "हे तुमचंच ना?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, कौतुकच होतं. मीही छाती फुगवून "हो" म्हणालो. दौलताबादला गाईडनं वेढे, कत्तली, कैद असं सगळं सांगितलं. तिथे दुसऱ्या एका मुलानं हाच प्रश्न विचारला, पण सूर वेगळा होता. आता "हो" म्हणायचं की "नाही", मला कळेना. मी बुटाची नाडी बांधत खाली बसलो.

इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी ही नाडी कधी ना कधी बांधली असेल. मकबरा आपला, वेढा आपला नाही, असं कसं चालेल? आणि खरं सांगायचं तर दोन्ही माझे नव्हते. माझे अब्बा यंत्रमागावर जॉबर होते. मकबरा बांधणाऱ्या शहजाद्याशी आमचं नातं काय? एवढंच, की त्याचं आणि माझं नाव एकाच भाषेतून आलंय.

पुढे इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. मी लिहिलं, 'टेक्स्टाइल'. खोटं नव्हतं. पण वाचणाऱ्याला वाटावं की आमचा कारखाना आहे, असाच तो शब्द मी निवडला होता. आज हे सगळ्यांसमोर सांगतोय, कारण पुढचं सगळं त्या रकान्याशी जोडलेलं आहे.

कंपनीनं मला मँचेस्टरला पाठवलं. अडीच वर्षं होतो. तुम्हाला ठाऊकच आहे, इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग आला आणि हळूहळू सगळं गाव खटखटायला लागलं. तर मी नकली मँचेस्टरमधून खऱ्या मँचेस्टरला गेलो, आणि तिथे मागाचा आवाज कुठेच नाही! ज्या इमारतींत सूत निघायचं तिथे आता फ्लॅट, कॉफीची दुकानं आणि आमच्यासारख्यांची ऑफिसं. लोअर परळला फिनिक्स मिलचा मॉल झाला, तसंच.

आवाज ऐकायचा तर शहराबाहेर स्टायल नावाच्या खेड्यात जावं लागतं. तिथे बोलिन नदीच्या काठी क्वॉरी बँक नावाची सूतगिरणी आहे. सॅम्युएल ग्रेगनं ती १७८४ मध्ये सुरू केली. १९३९ मध्ये ती नॅशनल ट्रस्टकडे आली. ही संस्था १८९५ पासून जुनी घरं, किल्ले, बागा, गिरण्या सांभाळते. लोक वर्गणी भरून सभासद होतात आणि रविवारी मुलांना घेऊन जातात. क्वॉरी बँकेत पाण्यावर चालणारं प्रचंड लोखंडी चाक आहे, सूत काढायची यंत्रं आहेत, आणि ठराविक वेळी माग चालवून दाखवतात.

२०१७ च्या उन्हाळ्यात अब्बा-अम्मी महिनाभर माझ्याकडे आले होते. मी मोठ्या उत्साहानं त्यांना तिथे नेलं. अब्बांनी तिकिटाचा दर विचारला, रुपयांत हिशेब केला आणि दारातच थांबले. "नको रे. सारी उम्र फुकट में देख्या मैं ये." अम्मी म्हणाली, "तुमने देख्या, मैं कहाँ देखी?" आणि ती आत शिरली. खरंच, चाळीस वर्षं घरात बसून चरख्यावर कांड्या भरणाऱ्या माझ्या आईनं, त्या कांड्या ज्या धोट्यात जातात तो धोटा चालताना कधी पाहिला नव्हता. कारखान्यात बायकांनी यायचं नाही, असं आमच्या मोहल्ल्यात होतं. काम घरी यायचं, बाई कामावर जायची नाही.

आत एका बाईंनी माग सुरू केला. एकच. त्या आवाजानं आमच्या शेजारच्या इंग्रज मुलांनी कानांवर हात ठेवले. अब्बा मात्र सहज उभे होते, कारण त्यांना आवाज कमीच येतो. उजवा कान जवळजवळ गेलाय, डावा अर्धा. घरी टीव्हीच्या आवाजावरून आमची भांडणं व्हायची. "अब्बा ऐकत नाहीत" हे वाक्य मी शंभर वेळा वैतागून म्हटलंय. माग बंद करून बाई सांगू लागल्या की शेकडो माग चालत असलेल्या खात्यात एकमेकांचं बोलणं ऐकूच यायचं नाही, म्हणून लँकाशायरच्या गिरणी कामगारांनी ओठांची भाषा तयार केली होती. तोंड मोठं करून, आवाज न काढता, हातवाऱ्यांसह बोलायचं. तिला ते 'मी-मॉ' म्हणायचे. मी अब्बांना सांगितलं. ते हसले, त्या बाईंकडे वळले, आणि ओठ फाकवून, अंगठा तोंडाकडे नेऊन, काहीही आवाज न करता काहीतरी म्हणाले. बाई क्षणभर गोंधळल्या आणि मग म्हणाल्या, "टी?"

बरोबर होतं. "चाय आई क्या?" असं ते विचारत होते. खात्यातला रोजचा प्रश्न.

मी सॉफ्टवेअरवाला, दोन यंत्रणा एकमेकींशी कशा बोलतात हे रोज पाहतो. पण सात हजार किलोमीटरचं अंतर असलेल्या दोन कामगार जमातींनी एकाच अडचणीवर एकच उपाय काढला होता, आणि तो माझ्या घरात होता, आणि मला माहीत नव्हता.

तिथून आम्ही 'अप्रेंटिस हाउस'मध्ये गेलो. ग्रेगनं ते १७९० मध्ये बांधलं. अनाथालयांतून, गरीबखान्यांतून आणलेली नव्वदेक मुलं तिथे राहायची, त्यांत मुली जास्त. एका खाटेवर दोघं. पोटाला अन्न, अंगाला कपडा, आजारी पडलं तर डॉक्टर, आणि बदल्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सात काम. १८०६ मध्ये थॉमस प्रिस्टली आणि जोसेफ सेफ्टन ही दोन मुलं तिथून पळाली. थॉमस तेरा वर्षांचा होता आणि यंत्रात त्याचं बोट गेलं होतं. त्याला आईला भेटायचं होतं. स्टायलपासून लंडन पावणेतीनशे किलोमीटर तरी असेल. तिथे त्यांना दंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं आणि त्यांचे जबाब लिहून घेतले. म्हणून त्यांची नावं मला आज तुम्हाला सांगता येतात. १८३६ मध्ये एस्थर प्राइस नावाची मुलगी अशीच पळाली. परत आल्यावर तिला एका खोलीत कोंडलं आणि खिडकीला फळ्या ठोकल्या.

हे सगळं तिथला मार्गदर्शक सांगतो, तिकीट घेऊन आलेल्या लोकांना, ग्रेगच्याच गिरणीत उभा राहून. ग्रेग इतर मालकांपेक्षा बरा होता हेही सांगतो. हा 'बरा मालक' मला ओळखीचा वाटला. आमच्याकडेही असतो. ईदला उचल देतो, मुलीच्या लग्नाला येतो, आणि बोट गेलं तर मलमपट्टीचा खर्च देऊन विषय संपवतो.

अब्बा त्या खाटांकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "नऊ बरस का था मैं." मी म्हटलं, "कशाला?" म्हणाले, कांड्या उचलायला. रिकाम्या कांड्या गोळा करायच्या, भरलेल्या पोचवायच्या, रात्रपाळी असली तर मागांच्या मधल्या गल्लीतच पोतं टाकून झोपायचं. मला आजवर वाटायचं की ते सोळाव्या वर्षी कामाला लागले. तसंच सांगितलं होतं त्यांनी, सातवी झाल्यावर वगैरे. ते तिसरीतून उठले होते.

ते साल १९६७. कारखाना कायदा १९४८ चा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात लावायचं नाही, असं त्यात स्पष्ट होतं. पण दहापेक्षा कमी कामगार असलेला, पत्र्याच्या शेडमधला चार-सहा मागांचा कारखाना त्या कायद्यात 'कारखाना' ठरतच नव्हता. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्यानं गिरण्यांत नऊ वर्षांखालची मुलं लावायला बंदी केली. म्हणजे त्या कायद्यानं अब्बा जेमतेम कामाला पात्र ठरले असते.

त्याच १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेनं वसाहतींतली गुलामी रद्द करणारा कायदा केला. दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, आणि ती दिली गुलामांच्या मालकांना. ग्रेग कुटुंबाचा कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर मळा होता, त्यामुळे त्यांनाही मिळाली. ज्यांची वर्षं गेली त्यांना छदाम नाही. गिरणीत येणारा कापूस कुणी वेचला, हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो. २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टनं स्वतःच एक अहवाल काढला. आपल्या ताब्यातल्या ९३ ठिकाणांचा वसाहतवादाशी किंवा गुलामीशी संबंध आहे, असं त्यात लिहिलं. केवढा गदारोळ झाला! आमच्या पूर्वजांना बदनाम करता, देशाचा अपमान करता, वर्गणी बंद करू. हे संवाद आपल्याला पाठ आहेत, फक्त भाषा वेगळी.

वेल्समधल्या पोविस किल्ल्याचंही सांगतो, कारण तिथे माझी परीक्षा झाली. प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान लढताना मारला गेला, आणि लुटीतल्या वस्तू अनेकांच्या घरी गेल्या. पोविसच्या संग्रहात टिपूच्या सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं मुंडकं आहे आणि त्याचा तंबू आहे. फुलांची नक्षी छापलेला सुती तंबू. पुढे क्लाइव्हच्या वारसांनी तो बागेतल्या मेजवान्यांसाठी मांडव म्हणून वापरला. हे वाचलं आणि माझ्या अंगाची आग झाली. 'आमच्या' सुलतानाचा तंबू, आणि त्याखाली यांचा चहा!

सोबत अब्बा नव्हते, मी एकटाच होतो. पण त्यांच्यासोबत क्वॉरी बँक पाहून झाली होती, त्यामुळे थोड्या वेळानं दुसरी गोष्ट दिसायला लागली. कापड. हे सूत कुणी कातलं, ते कुणी विणलं, छपाईचे ठोकळे कुणी कोरले? तंबू सुलतानाचा खरा, पण माझं नातं लागलंच तर त्या विणकराशी लागतं. त्याचं नाव पाटीवर नाही. ते क्लाइव्हनं पुसलेलं नाही, टिपूच्या दरबारातही ते कुणी लिहून ठेवलं नसावं. लूट ती लूटच, तिच्याबद्दल राग यावाच. पण राजाच्या वतीनं रागवायचं आणि विणकराला विसरायचं, यात काहीतरी चुकतंय असं मला वाटलं.

परत आल्यावर मी पुन्हा पाणचक्की पाहायला गेलो, या वेळी अभियंता म्हणून. तुमच्यापैकी जे इंजिनिअरिंगला आहात त्यांनी एक पूर्ण दिवस काढून जा. तिथे बाबा शाह मुसाफिर या सूफींचा दर्गा आहे. ते मध्य आशियातून आले होते. चक्की उभी राहिली अठराव्या शतकात. कित्येक किलोमीटरवरच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांतून आणलंय. पंप नाही, वीज नाही. उगम उंचावर ठेवायचा आणि नळ बंदिस्त ठेवायचे, की पाणी आपल्या पातळीला यायला आपणच चढतं. वाटेत ठिकठिकाणी मनोरे आहेत, त्यांतून नळात अडकलेली हवा सुटते आणि दाब आवरतो. शेवटी पाणी एका भिंतीच्या माथ्यावर चढतं आणि तिथून खाली आडव्या चाकाच्या पात्यांवर पडतं. चाकाचा कणा थेट वरच्या जात्याला जोडलेला. दातेरी चाकं नाहीत, पट्टे नाहीत, बिघडायला जागाच कमी. क्वॉरी बँकेत चाक उभं आहे आणि त्याची ताकद दांड्या-पट्ट्यांनी मजल्यामजल्यावर वाटली जायची. तिथे सूत बाजारासाठी निघत होतं, इथे दळण व्हायचं फकीर, मुसाफिर आणि विद्यार्थ्यांच्या रोटीसाठी.

आणि तो मोठा हौद! त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे. वर पाणी, खाली खांबांवर उभी असलेली थंडगार खोली. उन्हाळ्यात आत जाऊन बघा, मग एसीचं बिल आठवेल.

त्या शहराला नहरींची सवय लावली मलिक अंबरनं. पण "बघा, आमचा मलिक अंबर!" म्हणून इथे थांबलो तर मी पुन्हा आठवीत गेलो. अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, एकदा नव्हे, हातोहात. अखेर निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. पुढे तो निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, खडकी वसवली, मालोजी आणि शहाजी भोसले ज्या राज्याच्या चाकरीत होते ते राज्य त्यानं मुघलांविरुद्ध झुंजत ठेवलं, आणि १६२६ मध्ये गेला. फार मोठा माणूस. पण त्याला विकणारे कोण होते, घेणारे कोण होते? त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्यासारखीच होती. ग्रेगच्या मळ्याबद्दल जो प्रश्न मी तावातावानं विचारतो, तो दख्खनमध्ये आणलेल्या हजारो हबशींबद्दलही मला विचारावा लागेल. अंबरचा पराक्रम सांगून त्या बाजाराचा विषय बदलता येत नाही.

मकबराही परत पाहिला. त्याच्या मुख्य दारावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावं कोरलेली आहेत. आठवीत हे कुणी दाखवलं असतं तर! "हे तुमचंच ना?" या प्रश्नाला मी दाराकडे बोट केलं असतं, "दोघांचं लिहिलंय बघ." दगड घडवणाऱ्यांची नावं मात्र तिथेही नाहीत.

आता इचलकरंजी. साधे माग भंगारात चाललेत. नवे, बिनधोट्याचे माग आले आणि जुना माग किलोवर विकला जातो. अब्बा ज्या कारखान्यात होते तिथले माग गेल्या वर्षी निघाले. टेम्पोत चढवताना मी तिथे होतो. मालकांच्या मुलाकडे एक माग मागितला. तो चांगला मुलगा आहे, म्हणाला, "घेऊन जा, पण ठेवणार कुठे?" आमच्या घरात तो दारातूनही आला नसता. गावातल्या दोन-तीन ठिकाणी विचारलं, एक खोली द्या, एक माग ठेवू, शाळेच्या मुलांना दाखवू. लोक हसले. एक जण म्हणाला, "माग काय बघायची वस्तू आहे का?" किल्ला असतो बघायची वस्तू, वाडा असतो. तो टेम्पो गेला. माझ्याकडे एक धोटा आहे, लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. हा बघा. फिरवा मागे. टोक जपून, उडाला तर डोळा जातो. अब्बांच्या जोडीदाराचा गेला होता.

माग मिळाला नाही म्हणून मी दुसरं काम सुरू केलंय. दर रविवारी अब्बांसमोर मोबाइल ठेवतो आणि एक प्रश्न विचारतो. मोठ्यानं, डाव्या बाजूनं. ते मागाचा एकेक भाग सांगतात, मोडला तर कसा दुरुस्त करायचा ते सांगतात. मध्येच कोण कुठे राहायचं, बोनसचा संप कसा झाला, कुणी कुणाला मारलं. अम्मीचं वेगळं रेकॉर्डिंग आहे. शंभर कांड्यांना किती पैसे मिळायचे हे तिला सालवार आठवतं. अब्बांना नाही आठवत. अकरा रविवार झाले. बाराव्याला अब्बा म्हणाले, "आज तेरी बारी. तू क्या काम करता, वो बता." मी अर्धा तास समजावलं. त्यांनी शेवटी विचारलं, "मतलब, जॉबर ही ना?"

बाहेर चहा आला आहे. ज्यांच्या घरात कुणी मागावर, सायझिंगला, गिरणीत, बिडीच्या कामावर, कसाईखान्यात, गवंडीकामावर होतं, त्यांनी पाच मिनिटं थांबा. मी वही आणली आहे. धोटा कुणाकडे आहे?